ज्ञानकोश पडद्यावर आणि कपाटात

चित्रपटाच्या नायकाने काय करावे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याने घोडा फेकावा, गाणे म्हणावे, शेवटी खलनायकाला चार ठोसे द्यावेत. ज्ञानकोश तयार करणारा माणूस यांतले काहीच करीत नाही. तो टेबलाशी बसतो, चिठ्ठ्या लिहितो, त्या वर्णानुक्रमे लावतो, खोडतो आणि पुन्हा लिहितो. असे वर्षानुवर्षे चालते. अशा माणसावर कोणी चित्रपट काढील, आणि तो लोक हसत-खेळत पाहतील, असे कोणी सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल काय?

पण असा चित्रपट निघाला आहे. १९४१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकाचा ‘बॉल ऑफ फायर’ प्रदर्शित झाला. गॅरी कूपर आणि बार्बरा स्टॅनविक ही त्यातली प्रमुख जोडी. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या घरात आठ प्राध्यापक ज्ञानकोश लिहीत बसले आहेत. कोणी इतिहासाचा, कोणी वनस्पतिशास्त्राचा. भाषेचा विभाग प्राध्यापक पॉट्स यांच्याकडे. नऊ वर्षे झाली, आणि गाडी इंग्रजी वर्णमालेतल्या ‘एस’ या अक्षरापर्यंत आली आहे. या सगळ्याला पैसा कोणाचा, तर टॉटन नावाच्या एका संशोधकाचा. त्याने पाव भाजण्याचे विजेचे यंत्र शोधले, पण ज्ञानकोशांत एडिसन आला, बेल आला, आपण मात्र आलो नाही, या रागाने त्याने नवा ज्ञानकोश काढण्यासाठी पैसे ठेवले! ही अर्थात कल्पित गोष्ट. तरी ज्ञानकोशात कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही, या खऱ्याखुऱ्या भांडणाची ती गमतीदार नक्कल आहे.

एके दिवशी कचरा नेणारा माणूस घरात येतो. त्याला रेडिओवरच्या प्रश्नमंजूषेत बक्षीस मिळवायचे असते, म्हणून तो प्राध्यापकांना उत्तरे विचारायला आलेला असतो. तो बोलू लागतो आणि पॉट्ससाहेब चमकतात. त्याच्या तोंडचे निम्मे शब्द त्यांना कळतच नाहीत! गंमत अशी, की पॉट्स यांनी नुकताच रस्त्यावरच्या चालू बोलीवर म्हणजे ‘स्लँग’वर एक विद्वत्तापूर्ण लेख पुरा केलेला असतो. तो त्यांनी लिहिला होता जुन्या पुस्तकांवरून. पुस्तकांतले शब्द लोकांनी केव्हाच टाकून दिले होते, आणि लोकांचे शब्द पुस्तकांत आलेले नव्हते. पॉट्स तो लेख बाजूला ठेवतात, डोक्यावर हॅट चढवतात आणि वही घेऊन गावात निघतात. भुयारी रेल्वे, खेळाचे मैदान, नाचगाण्याचे क्लब, जिथे लोक बोलतात तिथे ते उभे राहतात आणि शब्द टिपून घेतात.

पुढे एक गायिका, तिच्या मागे लागलेले पोलीस आणि एक गुंड असा सगळा मसाला आहे. तो ज्याचा त्याने पाहावा. मला या चित्रपटातले सर्वांत मोलाचे दृश्य वाटते ते वही घेऊन दाराबाहेर पडणाऱ्या प्राध्यापकाचे. नागपूरच्या रामदासपेठेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. ‘पोट्टे’ आणि ‘काहून’ हे शब्द तो शाळेच्या फाटकापर्यंत बोलतो आणि वर्गात ‘मुले’ आणि ‘का’ असे म्हणतो. समजा, उद्या नागपुरी बोलीवर नोंद लिहायची झाली. पुण्यामुंबईच्या ग्रंथालयात बसून ती लिहिली, तर पॉट्ससाहेबांच्या पहिल्या लेखासारखीच होईल.

नागपूरचे नाव मी उगीच घेतले नाही. मराठीतला पहिला मोठा आणि पुरा झालेला ज्ञानकोश ज्या कंपनीने काढला, ती कंपनी नागपूरची. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’ असे तिचे नाव. तिचे सूत्रधार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. बालपण वऱ्हाडात, अमरावतीला गेले. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्याआधीच, १९०९ मध्ये, बाहेर पडला होता. परत येताना ते काही काळ लंडनला राहिले. एवढ्या तयारीचा माणूस एखाद्या कॉलेजात सुखाने नोकरी करीत राहिला असता. केतकरांनी काय केले? १९१६ मध्ये मराठी ज्ञानकोशाचे काम अंगावर घेतले.

त्यांच्यापाशी कोणी टॉटन नव्हता. संस्थानिकाचा आश्रय नव्हता आणि सरकारचे अनुदानही नव्हते. म्हणून त्यांनी चक्क मर्यादित कंपनी काढली. साखर कारखान्याचे काढतात तसे ज्ञानाच्या कारखान्याचे भाग! मग भागधारक आणि वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव हिंडणे आले. वकिलांकडे जा, मास्तरांकडे जा, सावकाराच्या ओसरीवर बसा आणि अजून एक ओळही न छापलेल्या ग्रंथाचे महत्त्व पटवून द्या. पॉट्स शब्द गोळा करायला बाहेर पडले, केतकरांना पैसा गोळा करायला पडावे लागले. मात्र या हिंडण्यात ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहायचा ती माणसे त्यांना भेटली. हा लाभ घरबसल्या मिळणारा नव्हता.

पुढे कामाचे ठाणे पुण्याला हलले. १९२० पासून खंड बाहेर पडू लागले आणि त्याच दशकाच्या अखेरीपर्यंत तेवीस खंड पुरे झाले. त्याच १९२० साली केतकरांचे लग्न एडिथ कोह्न या जर्मन-ज्यू विदुषीशी झाले. त्या शीलावतीबाई केतकर झाल्या. विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय वाङ्‌मयाचा जर्मन इतिहास इंग्रजीत आणणाऱ्या त्या याच. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे ज्ञानकोशात तयार झालेले साहाय्यक. त्यांनी पुढे सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ केला, आणि १९४८ मध्ये ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ही दिला. विज्ञान मराठीत लिहू पाहणाऱ्याला पारिभाषिक शब्दांवाचून किती अडते, हे त्यांनी ज्ञानकोशाच्या कचेरीतच पुरेपूर अनुभवले असणार.

या तेवीस खंडांची मांडणी पाहण्यासारखी आहे. ज्ञानकोश म्हटला की ‘अ’पासून सुरुवात, असे आपण धरून चालतो. केतकरांनी तसे केले नाही. पहिले पाच खंड त्यांनी प्रस्तावनेसाठी ठेवले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, आणि पाचवा ‘विज्ञानेतिहास’. शंभर वर्षांपूर्वी, मराठी ज्ञानकोशात, एक सबंध खंड विज्ञानाच्या इतिहासाला! वर्णानुक्रम सुरू होतो तो सहाव्या खंडापासून. मला यात मोठे शहाणपण दिसते. वर्णानुक्रम शोधायला सोयीचा, पण तो जगाचे तुकडे करतो. त्यात ‘अंक’ आणि ‘अंगठी’ शेजारी बसतात, आणि ‘सूर्य’ व ‘ग्रह’ यांच्यामध्ये हजारो पाने येतात. आधी सगळ्या गावाचा नकाशा दाखवावा आणि मग घरांचे नंबर द्यावेत, तसे केतकरांनी केले.

वर्णानुक्रम दिसतो तितका सोपाही नाही. ‘ज्ञानकोश’ हा शब्द मराठी कोशात कुठे शोधाल? ‘ज्ञ’ हे ‘ज’ आणि ‘ञ’ यांचे जोडाक्षर, म्हणून काही कोश तो ‘ज’मध्ये घालतात. आपली शाळेतली वर्णमाला ‘क्ष, ज्ञ’ अगदी शेवटी ठेवते, म्हणून काही कोशांत तो शेवटच्या पानांत सापडतो. अनुस्वाराचा घोळ आणखी निराळा. शिक्षकांनी वर्गात दोन निरनिराळे कोश आणून मुलांना ‘ज्ञान’ शोधायला लावावे, तास कसा गेला ते कळणार नाही.

वर्णानुक्रमाचा दुसरा धोका जागेचा. एडिनबरोला १७६८ ते १७७१ या काळात निघालेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीचे खंड तीन. पहिल्या खंडात फक्त ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन अक्षरे, दुसऱ्यात ‘सी’ ते ‘एल’, आणि उरलेली सगळी तिसऱ्यात कोंबलेली. सुरुवातीला हात सैल, शेवटी पैसा आणि वेळ संपलेला. तेलुगू ज्ञानकोशाची कथा याहून करुण आहे. त्याचे संपादक कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरात, बहिणीच्या घरी राहून झालेले, आणि ते मराठीतही लेखन करीत. १९२३ साली ते वारले तेव्हा त्यांचा कोश वर्णमालेच्या आरंभाशीच होता. केतकरांचे तेवीस खंड पुरे झाले ही गोष्ट किती दुर्मिळ, ते यावरून ध्यानात येईल. मात्र त्या पुरेपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तोवर पैशाची ओढाताण संपलेली नव्हती.

आता पुन्हा पॉट्ससाहेबांकडे. त्यांच्या आठजणांना ‘एस’पर्यंत यायला नऊ वर्षे लागली. म्हणजे ‘ए’वरचे लेख तोवर नऊ वर्षांचे झाले! ज्ञानकोश पुढच्या टोकाने वाढत असतो आणि मागच्या टोकाने शिळा होत असतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी सुरू केलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा २०१५ मध्ये. एकोणचाळीस वर्षांत विज्ञान कुठल्या कुठे गेले.

पण शिळे म्हणजे नेहमी चूकच असे नाही. ग्रहांचेच पाहा. केतकरांचा कोश पुरा झाला तेव्हा प्लूटो सापडलेला नव्हता. तो १९३० मध्ये सापडला. तेव्हा त्या काळच्या कोणत्याही कोशाप्रमाणे ग्रह आठ. पुढे पाऊणशे वर्षे सगळ्या पुस्तकांत नऊ ग्रह होते. तुमच्या आईवडिलांनी तेच पाठ केले. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली, प्लूटो बटुग्रहांत गेला, आणि संख्या पुन्हा आठ! म्हणजे या एका मोजणीपुरते १९२५ चे पुस्तक १९८५ च्या पुस्तकापेक्षा आजच्या जवळ आहे. अर्थात हा योगायोग. त्याच १९२५ च्या पुस्तकात न्यूट्रॉन मात्र तुम्हांला मिळणार नाही, कारण तो सापडला १९३२ मध्ये. म्हणून कोश उघडला की आधी छपाईचे साल पाहावे. विकिपीडियावर तर हे काम आणखी सोपे आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, आणि त्याच्या प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कोणते वाक्य कोणत्या दिवशी आले, केव्हा बदलले, सगळे तिथे दिसते. पुष्कळ विद्यार्थी ते पान उघडतच नाहीत.

साल पाहिले, तरी प्रश्न नीट विचारला नसेल तर काय होते, ते दुसऱ्या एका चित्रपटात आहे. १९५७ सालच्या ‘डेस्क सेट’मध्ये एका प्रसारण कंपनीचा माहिती विभाग दाखवला आहे. चार हुशार बायका दिवसभर फोनवरून लोकांच्या शंकांची उत्तरे देत असतात. तिथे एक भलामोठा संगणक येतो आणि आता आपली नोकरी गेली, असे त्यांना वाटू लागते. एकदा संगणकाला कॉर्फू या ग्रीक बेटाविषयी विचारायचे असते, पण कळफलकावर शब्द पडतो ‘कर्फ्यू’. यंत्र बिचारे प्रामाणिकपणे कर्फ्यूवरची एक लांबलचक कविता छापत सुटते! पुढे दुसऱ्या एका संगणकाच्या गोंधळामुळे कंपनीच्या अध्यक्षासकट सगळ्यांना नोकरीवरून काढल्याच्या चिठ्ठ्या जातात. आज खिशातल्या फोनला प्रश्न विचारणाऱ्या मुलांनी हा साठहून अधिक वर्षांपूर्वीचा चित्रपट जरूर पाहावा. त्यातला एकही विनोद जुना झालेला नाही.

‘बॉल ऑफ फायर’च्या शेवटाविषयी थोडे बोलायचे राहिले आहे, कारण तिथे प्राध्यापक आपले ज्ञान शस्त्रासारखे वापरतात. गुंडांनी त्यांना पिस्तुलाच्या धाकात बसवून ठेवलेले असते. तेवढ्यात त्यांना आर्किमिडीजची आठवण होते. सिराक्यूजच्या वेढ्यात आर्किमिडीजने आरशांनी सूर्यकिरण एकवटून रोमन जहाजे जाळली, अशी दंतकथा आहे. प्राध्यापक सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सूर्यकिरण एकवटतात, भिंतीवरच्या मोठ्या चित्राची दोरी जळते आणि चित्र गुंडाच्या डोक्यात कोसळते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आपणही वाजवू, आणि मग हिशेब करू.

सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आणि त्याचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. भागाकार केला तर अंतर व्यासाच्या सुमारे १०८ पट येते. आता भिंग किंवा अंतर्वक्र आरसा सूर्याची प्रतिमा पाडतो तेव्हा हेच प्रमाण तिथेही लागू होते: प्रतिमेचा व्यास म्हणजे प्रतिमेपर्यंतचे अंतर भागिले १०८. पाच सेंटिमीटर व्यासाचे भिंग घ्या, नाभीय अंतर १० सेंटिमीटर. प्रतिमा एक मिलिमीटरहूनही थोडी लहान पडते. पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात पडणारे ऊन एका मिलिमीटरच्या ठिपक्यात आले. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ऊन अडीच ते तीन हजार पट तीव्र झाले. कागद पेटतो तो यामुळे.

पण चित्राची दोरी दहा सेंटिमीटरवर नव्हती, खोलीच्या पलीकडे होती. अंतर पाच मीटर धरू. पाचशे भागिले १०८ म्हणजे प्रतिमा सुमारे ४.६ सेंटिमीटरची. भिंग किंवा आरसा कितीही उत्तम वक्रतेचा असो, पाच मीटरवर सूर्याची याहून लहान प्रतिमा एका भिंगाने वा एका आरशाने पडत नाही. आरसा पाच सेंटिमीटरचा आणि ठिपका जवळजवळ तेवढाच. मग ऊन एकवटले कुठे? दोरीवर पडले ते साध्या उन्हापेक्षा जेमतेम सवापट होणार. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या दोऱ्या रोज एवढे ऊन सोसतात आणि एकही जळत नाही. तेव्हा सूक्ष्मदर्शकाचा एवढासा आरसा त्या कामाला पुरला नसता.

आर्किमिडीजचे काय? त्याच्याकडे एकच मोठा आरसा असण्याची गरज नाही. पुष्कळ सपाट आरशांनी सगळे ठिपके एकाच जागी पाडले तर चालते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये प्रत्येकी एक फूट बाजूचे १२७ सपाट आरसे लावून सुमारे १०० फुटांवरच्या लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचा पृष्ठभाग पेटवून दाखवला. मात्र जहाज स्थिर होते आणि आकाश निरभ्र हवे होते. समुद्रात डुलणारे शत्रूचे जहाज इतका वेळ एका जागी कशाला उभे राहील? ही गोष्ट शक्यतेच्या कोटीत येते, पण लढाईत ती घडली असेल असे मला वाटत नाही.

१०८ हा आकडा मात्र माझ्या शब्दावर घेऊ नका. तो तुम्हांला मोजता येईल. खिशात मावणारा सपाट आरसा घ्या. त्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदाला मधोमध एक सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भोक पाडा. सकाळच्या उन्हात आरसा खिडकीत पक्का बसवा आणि कवडसा आतल्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. शाळेची लांब व्हरांडावजा खोली यासाठी उत्तम. प्रयोग करताना सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे पाहू नका आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर मारू नका. भिंत एक हातावर असेल तर कवडसा चौकोनी दिसेल. भिंत दूर करीत जा. दोन मीटरवर त्याचे कोपरे झिजू लागतील, आणि दहा मीटरवर भोक चौकोनी असूनही कवडसा गोल दिसेल. ही सूर्याचीच प्रतिमा. तिच्या कडा थोड्या अस्पष्ट असतील, म्हणून तीन जणांनी वेगवेगळे मोजून सरासरी काढावी. आलेल्या व्यासातून भोकाचा एक सेंटिमीटर वजा करा, आणि आरशापासून भिंतीपर्यंतच्या अंतराला त्या संख्येने भागा. दहा मीटरवर व्यास १० सेंटिमीटरच्या आसपास आला, तर मापे बरोबर घेतली असे समजा. मग अंतर बारा मीटर करून पुन्हा मोजा, आणि वहीत प्रत्येक मापाशेजारी तारीख व वेळ लिहा.